फुगे निवडणाऱ्या बाया

मसोलीच्या फुग्यांच्या कारखान्यात संगिता अकरा वर्षं फुगे निवडत होती. मान दोन बोटांत धरायची, एकदा ताणायची, खिडकीच्या उजेडाला लावायची. छिद्राचा डावीकडे, चिकटलेला मागे, चांगला पुढच्या टोपलीत. बघणाऱ्याची पापणी लवेपर्यंत तिचे चार फुगे होऊन जात. पावडरीने बोटं इतकी पांढरी होत की घरी नवरा, लाहू, म्हणायचा, "आज भाकऱ्या मीच थापतो. तुझ्या हाताला वास येतो रबराचा."

२०१९ सालचे गणपती गेले आणि देवेशशेठनी निवडणाऱ्या चौदा बायांना अंगणात बोलावलं. शेठ वाईट माणूस नव्हते. अवघड बोलायची वेळ आली की ते गुजरातीत शिरायचे, एवढंच.

"जुओ बेन," ते म्हणाले, "निवडायचं न् भरायचं काम आता बाहेर दिलंय. वेवजीच्या पुढं, हद्दीपलीकडं गुजरातेत एक ठेकेदार आहे. त्याच्याकडं मशीन आहे. मला स्वस्त पडतं. शुं करूं?"

शुं करूं, काय करू, हे बायांना तरी कुठं माहीत होतं! त्या पाड्यावर परतल्या. संगिता आठ दिवस कुणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी तिने शेजारच्या जमनाला हाक मारली. जमना तिच्याहून दहा वर्षांनी मोठी आणि जिभेने तिखट.

"जमनाबाय, चल. काम कुठं गेलंय ते डोळ्यांनी बघून तरी येऊ."

दोघी जीपने तलासरीला, तिथून वेवजीला आणि पुढे पायी हद्द ओलांडून ठेकेदाराच्या शेडमध्ये गेल्या. मशीन होतं खरं. पण ते नुसतं वजन करून पाकिटं बंद करत होतं. माणसं पोत्यातून फुगे उपसत होती आणि तसेच मशीनमध्ये ओतत होती.

"निवडतं कोण?" संगिताने विचारलं.

"मशीन," ठेकेदार म्हणाला.

"मशीनला डोळे कुठं आहेत?"

"बाय, इथं कामाला जागा नाही," असं म्हणून त्याने दोघींना वाटेला लावलं.

परतताना तलासरीत जीप अडकली. विधानसभेच्या निवडणुकीची सभा होती आणि रस्ता माणसांनी भरून गेला होता. स्टेजवर गुलाबी फुग्यांची मोठी कमान उभारलेली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. गुलाबी पक्षाचे उमेदवार नविनदादा बोलत होते. ते पूर्वी आश्रमशाळेत मास्तर होते, त्यामुळे सभेतही वर्गात शिकवल्यासारखे हळू, समजावून बोलत.

"आपल्या हातचं काम हद्दीपार जातंय," ते सांगत होते. "मी निवडून आलो तर कायदा करायला लावीन. जो कारखाना इथली जमीन, इथलं पाणी वापरतो, त्याने काम इथल्याच माणसाला दिलं पाहिजे!"

संगिता जीपमधून उतरली. कुणीतरी आपल्या घरात डोकावून मग बोलतंय, असं तिला वाटलं. गर्दीतून वाट काढत ती पार पुढे गेली. मागोमाग जमना.

तेवढ्यात फाट! कमानीतला एक फुगा फुटला. नविनदादा दचकले, सावरले, पुढे बोलू लागले. फाट, फाट, फाट! हवालदार काठी सावरून उठला. ढोलवाल्यांना वाटलं, आपल्याला इशारा झाला. त्यांनी दणक्यात ढोल सुरू केले. नविनदादा हात हलवून थांबवू पाहत होते, पण ढोलवाल्यांना वाटलं, साहेब खुशीत आलेत. त्यांनी आणखी जोर लावला.

संगिताला हसू आवरेना. आठ दिवसांचं साचलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती हसतच होती.

ढोल एकदाचे थांबले. "ती बाय का हसते?" नविनदादांनी माइकवरून विचारलं. चिडून नव्हे, मास्तर विचारतात तसं.

"दादा, फुगे निवडलेले नाहीत!" संगिता खालूनच ओरडली.

त्यांनी तिला वर बोलावलं. माइक हातात आला तसा तिने तो उलटाच धरला. पण समोर फुगे होते, आणि फुग्यांबद्दल तिला कुणाची भीती नव्हती. तिने कमानीतला एक फुगा सोडवला, हवा सोडली, उन्हाला धरला. "हे बघा, इथं पातळ आहे. ऊन लागलं की फुटणारच. असा फुगा आम्ही कधी पुढच्या टोपलीत जाऊ दिला नाही. आता आमचं काम हद्दीपलीकडं गेलं. दादा, तुमचे हे फुगे कुठून आले?"

नविनदादांनी कमानीची व्यवस्था बघणाऱ्या उमेशकडे पाहिलं. उमेश स्वतःच्या चपला बघू लागला.

"वेवजीच्या पुढून," तो पुटपुटला. "स्वस्त होते."

मग नविनदादाच खो खो हसले. "म्हणजे मी इथं घसा फोडतोय आणि माझंच काम हद्दीपार! बाय, मी निवडून आलो ना—"

"निवडून यायच्या आधी करा ना, दादा. सभा किती राहिल्यात?"

"एकवीस."

"एकवीस सभांचे फुगे आम्हाला निवडायला द्या."

टाळ्या अशा पडल्या की आणखी दोन फुगे फुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमेश टेम्पोत पोती घालून पाड्यावर हजर. संगिताच्या ओट्यावर चौदाही बाया बसल्या. चौथ्या दिवशी जांभळ्या पक्षाची पोतीही आली, आणि पोत्यांमागून स्वतः उमेदवार निर्मलाताई आल्या. त्यांना सभेतल्या संगिताच्या हसण्यासकट सगळं कळलं होतं. पदर खोचून त्या बायांमध्ये बसल्या, फुगे निवडू लागल्या आणि पहिल्याच टोपलीत जमनाने त्यांचे निम्मे परत दिले.

"नविनदादा म्हणतात, काम बाहेर जाऊ देणार नाही," निर्मलाताई म्हणाल्या. "मी म्हणते, काम तर फिरणारच. पण ठेकेदार परकाच का असावा? तुम्ही व्हा ठेकेदार. गट करा, नोंदवा, आणि तुमच्या शेठशी कागद करा."

"आम्ही? ठेकेदार?" जमनाला ठसका लागला.

संगिता मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होती. सकाळी उठून तिने शाळेतल्या बाईंकडून गटाचा अर्ज भरून घेतला.

कामाच्या गर्दीत एकदा पोती अदलाबदल झाली आणि नविनदादांच्या गुलाबी कमानीत तीन जांभळे फुगे गेले. दोन्ही पक्षांनी त्यावरून जमनाला बोल लावला. जमना दोघांनाही म्हणाली, "फुटले का? नाही ना? मग गप बसा."

मतदानाच्या दोन दिवस आधी देवेशशेठ पाड्यावर आले. त्यांच्या गिऱ्हाइकांनी फुटके फुगे परत पाठवायला सुरुवात केली होती. ते ओट्याच्या कडेला टेकले.

"बेन, मंगळवारपासून या सगळ्या. जुनी जागा तशीच आहे."

हेच ऐकायला तर संगिता आठ दिवस झुरली होती. पण तिने हातातला फुगा आधी नीट ताणून बघितला.

"शेठ, काम बाहेर द्यायची तुम्हाला सवय झालीये. मग आम्हालाच द्या. आमचा गट आहे. माल तुमच्या टेम्पोने इथं यायचा, निवडून भरून परत जायचा. कागदावर सही करून."

शेठ गुजरातीत शिरले, बराच वेळ तिथंच राहिले. "विचार करून सांगतो," असं म्हणून उठले, कुंपणापर्यंत गेले आणि तिथूनच वळले.

"टेम्पो मंगळवारी पाठवू की बुधवारी?"

चौदा बाया एकदम हसल्या.

निकालात नविनदादा थोडक्यात निवडून आले. निर्मलाताई हरल्या, पण दुसऱ्या दिवशी वाघबारशीच्या सणाला त्या पाड्यावर आल्याच. सकाळी त्या स्वतः तालुक्याला जाऊन गटाचं नोंदणीचं पत्र घेऊन आल्या होत्या. अंगणात उकडलेला कंद आणि पानात वाफवलेली काकडीची भाकर वाटली जात होती. सूर्य बुडायच्या आतच तारपा वाजू लागला आणि नाचाचा फेर धरला गेला. संगिता सगळ्यात पुढे, तिच्या कमरेला हात घालून जमना, मग बाकीच्या. पत्र लाहूच्या खिशात होतं आणि तो दर थोड्या वेळाने ते चाचपून बघत होता.

भेट म्हणून मिठाई घेऊन आलेले देवेशशेठ बाजूला उभे होते. कुणीतरी त्यांनाही फेऱ्यात ओढलं. सगळ्यांचा पाय डावीकडे पडला की त्यांचा उजवीकडे पडायचा.

"शेठ, जमिनीकडं बघू नका," जमना ओरडली, "माझ्याकडं बघा!"

शेठनी मान वर केली, दोनदा चुकले, आणि तिसऱ्या फेऱ्याला त्यांचा पाय बरोबर पडला.