बुर्गीचा दुसरा चढ

“मागून ढकलतेयस का गं मला?” बुर्गीने वळून न बघताच विचारले.

“मलाच कुणी ढकललं तर बरं होईल,” मी म्हणाले. “तुझीच पिशवी हलतेय पाठीवर.”

“बघ हं झेन्झी. माझ्या घराचा प्रश्न आहे.”

राबीची खिंड अजून बरीच वर होती. वाट इतकी उभी, की सायकल खांद्यावर घ्यायची, थोडे चढायचे, धापा टाकत थांबायचे. टिरोलच्या डोंगराळ मुलखातल्या आमच्या गावाहून निघून आम्ही इथवर आलो होतो. ही शेवटची उंच खिंड. ती ओलांडली की पुढचे सोपे, आणि शेवटी गार्डाचे सरोवर.

बुर्गीने सारा जन्म डोंगरातल्या घराघरांत टपाल वाटले. गेल्या वर्षी तिचा उजवा खुबा बदलला. तेव्हापासून तिचा मुलगा लिओनहार्ड मागे लागला होता, “आई, वरचं घर सोड. चर्चपाशी म्हाताऱ्यांसाठी खोल्या बांधल्यात, तिथे राहा.” शेवटी माझ्या खानावळीत, सगळ्यांच्या देखत, तिने त्याला सांगितले, “बिनमोटरच्या सायकलनं गार्डाला जाते. एकदा जरी बसमध्ये बसले, एकदा जरी कुणाला सायकल उचलू दिली, तर तुझं ऐकीन. पोचले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“मी येते सोबतीला,” असे मी बोलून गेले. देव माणसाला जीभ आधी देतो आणि अक्कल मागाहून.

वरून घंटांचा आवाज आला. वरच्या कुरणांवरचा उन्हाळा संपवून गुरे खाली निघाली होती. सगळी सुखरूप उतरली, तर गाईंच्या डोक्यावर फुलांचे मुकुट असतात. या गाईंची डोकी रिकामी होती. आम्ही सायकली आडव्या केल्या, हेल्मेट काढली आणि कडेला उभ्या राहिलो.

“कोण गेली?” बुर्गीने गुराख्याला विचारले. आल्बुइन त्याचे नाव.

“काळी. कड्यावरून घसरली.” तो मागे बघत होता. शेवटची तांबूस गाय पाय ओढत येत होती. “आता हिनं खूर दुखवून घेतलाय. हिच्या चालीनं चालावं, तर बाकीच्या त्याच कड्याशी गोंधळ घालतील. कुत्रं एकटं काय काय करील?”

त्याने काही मागितले नाही. मला वाटते, देवाला परीक्षा घ्यायची असली की तो डोंगर पाठवत नाही. डोंगर तर असतोच. तो वाटेत कुणाला तरी उभे करतो.

“दावं दे इकडं,” बुर्गी म्हणाली. “खालच्या गोठ्यापर्यंत आणते मी तिला सावकाश.”

“अगं, सकाळपासून चढलो ते सगळं उतरशील?”

“उतरायला काय लागतं?”

“परत चढायला लागतं. त्यापेक्षा मी नेते गाय.”

“तू? तुला गाय फक्त शिजवता येते.”

आल्बुइन त्या दिवसात बहुधा पहिल्यांदाच हसला.

“बरं, निदान तुझी सायकल तरी वर नेऊन ठेवते.”

“हात लावलास तर जन्मात बोलणार नाही.”

ती गेली. गाय उजव्या पायाने लंगडत होती, बुर्गीही. पाठमोऱ्या दोघी वळणाआड गेल्या.

मी दगडावर बसून मरियामातेची स्तोत्रे म्हणू लागले. आधी मनात, मग धुके आले तशी मोठ्याने, म्हणजे तिला वाट कळेल. माझा गळा काही चर्चच्या गायकांचा नाही, पण मातेने आजवर तक्रार केलेली नाही. सगळी म्हणून झाली की पुन्हा पहिल्यापासून. ती येईना. लिओनहार्डचे खरे होणार, असे मला वाटू लागले.

मग धुक्यातून आधी एक शिवी आली आणि मागोमाग बुर्गी.

“पोचली का गाय?”

“पोचली. गवतात बसकण मारली तिनं. मलाही बसावंसं वाटलं शेजारी.”

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. बसली नाही, पाणी उभ्यानेच प्यायली. मी सायकलीकडे बघितलेसुद्धा नाही. तिने ती स्वतः उचलली, खांद्यावर घेतली आणि निघाली. मी मागून. खिंडीच्या माथ्यावर क्रूस आहे. त्याच्या लाकडावर तळहात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

“दोनदा चढलीस,” मी म्हणाले.

“गावात एकदाच धरतील.”

“मी आहे ना सांगायला.”

“तू दहादा चढली म्हणून सांगशील. एवढं नको.”

पुढच्या वाटेवर आम्ही दोघी पोरींसारख्या ओरडत उतरलो. गार्डाकाठच्या रीवा गावाशी पोचलो तेव्हा सरोवरावर वारा सुटला होता. बुर्गीने पुढचे चाक पाण्यात घातले आणि खिशातून फोन काढला.

“लिओनहार्ड? हं. पोचले. ऐक, हिवाळ्याच्या जळणाची लाकडं आणून टाक. वरच्या घरी, दुसरीकडं कुठं? यंदा एक गाडी जास्त टाक.”

तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. तिने फोन ठेवला. मग सायकल जवळजवळ जमिनीला टेकवली, आखडलेला उजवा पाय हाताने धरून दांडीपलीकडे नेला, सायकल सरळ केली आणि बसली.

“चल,” ती म्हणाली, “जेवायला बघू कुठंतरी. तुझ्या हातचं नको.”