आत्याच्या मोहावरचं ऑर्किड

आमच्या गावामागच्या डोंगरावर माझ्या आत्याचा एक मोह आहे. म्हणजे जंगल सरकारचं, पण त्या झाडाखाली दुसरं कुणी टोपली घेऊन फिरकत नाही. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. रेवताबाई आत्या दरवर्षी तिथली मोहफुलं वेचते आणि अंगणात वाळवते.

त्याच मोहाच्या बुंध्यावर, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, यंदा ऑर्किड सापडलं. सापडलं कुणाला? मला! पान एक नाही, नुसत्या वाळक्या काड्या खाली लोंबकळत होत्या. पण टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या होत्या. शाळेतल्या मेघा मॅडमना फोटो दाखवला तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, असं ऑर्किड आपल्याकडे मी पाहिलेलं नाही, फार दुर्मीळ असावं. पण फूल उमलल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. उमललं की सांग, मी स्वतः डोंगर चढते.

आता अडचण अशी, की मोह पडायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की फुलं पटापट वेचता येतात. आत्या काडीपेटी घेऊन झाडाशी पोचली आणि मी हात पसरून तिच्यापुढे उभी राहिले.

"सरक वं! अंगात देवी आली काय तुह्या?"

"आत्या, झळ लागली त कळ्या जळतीन."

"कोणाच्या? त्या बांडगुळाच्या? माह्या झाडाचं रक्त पिऊन राहिलं ते!"

"नाई पित! बांडगूळ झाडात मुळं खुपसते. हे नुसतं बसते. तू माह्या खाटेवर येऊन बसते ना, तसं."

"म्हणजे मी बांडगूळ?"

"मी कधी म्हटलं?"

आत्याला हसू आलं, पण काडीपेटी काही खाली ठेवली नाही. "पाल्यातून एक एक फूल वेचतानी माहे गुडघे काय म्हणतीन, ते इचार तुह्या मॅडमले."

"मी झाडतो पाला. रोज, शाळेच्या आधी."

"तू? तुले उठवाले ढोल लागते!"

पण मी उठले. रोज उठले! खराट्यानं पाला लोटायचा, ओढत दूर नेऊन टाकायचा, तोवर आत्या टोपली घेऊन यायची. आधी ती ऑर्किडकडे बघायचीच नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "कळी फुगली वाटते वं."

परीक्षेच्या दिवशी मात्र मला झाडायला जाता आलं नाही. पेपर देऊन बाहेर आले तर डोंगरावर धूर. मी दप्तरासकट धावत सुटले.

शेजारच्या मोहाखाली खेमराजकाकांनी पाला पेटवला होता. वारा सुटला आणि आग त्यांच्या हाताबाहेर गेली. आमच्या मोहाभोवतीही काळी राख पसरलेली. मधोमध आत्या उभी, हातात पळसाची करपलेली फांदी. आग तिनंच झोडपून विझवली होती. टोपली कलंडली होती आणि सकाळभर वेचलेली फुलं राखेत तुडवली गेली होती. बुंध्याला मात्र तिच्या डोक्यावरचा दुपट्टा गुंडाळलेला, ओला, पाणी गळणारा.

"आत्या, तुही फुलं..." मी राखेतली टोपली सरळ केली.

"उद्या पडतीन ना. मोहाले काय धाड भरली? हे कधी फुलते, कोणाले ठाव?"

मी हळूच दुपट्टा सोडला. दोन कळ्या करपल्या होत्या. बाकीच्या हिरव्यागार. आणि एक उमललेली! पांढरी, कडांना फिकट जांभळी. आत्यानं राखेचे हात पाठीमागे धरले आणि फक्त नाक जवळ नेलं.

"वास येते वं," ती इतकी हळू म्हणाली, जणू पाळण्यात लेकरू निजलंय.

मी तिच्या घामेजल्या खांद्यावर डोकं टेकलं. तिनं टेकू दिलं. मग म्हणाली, "रडून काहून राहिली? फोन लाव तुह्या मॅडमले. आत्ताच या म्हणा. अन् येतानी पाणी आणा म्हणा, माही बाटली सारी रिकामी झाली."