अर्धा कोयता

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सुभद्राबाईला मात्र टोळीने तीस वर्षं अर्धा कोयताच म्हटलं. दोन मोळ्या गाडीत टाकल्या की तिचे पाय लटपटत, पापण्या खाली येत, आणि ती सरळ उसाच्या पाचटावर बसून घेई. नवरा आसाराम चारचौघांत म्हणायचा, "हिच्या हाडातच आळस हाय." हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागलं. रोज ऐकलं की काय खरं वाटत नाही?

मग तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या, सत्यमच्याही पापण्या उघडेनाशा झाल्या. ती त्याला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवला. शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात म्हणे, अन्नाची ताकद करणाऱ्या. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. त्या येतात फक्त आईकडून.

"तुमच्या घराण्यात त्यांच्या जनुकातच बिघाड आहे, मावशी. तुमच्यात कमी, मुलात जास्त. पुरतं बरं करणारं औषध आज तरी नाही. सत्यमच्या मुलांना हा जाणार नाही. पण तुमच्या मुलीलाही असेल, आणि तिच्या मुलांना जाऊ शकतो."

एसटी गावी, शिरूरला येईपर्यंत सुभद्राबाईला आई आठवत राहिली. भिवराबाई. भर कामात बांधावर बसणारी. "कावून बसतीस गं सारखी?" म्हणून ती स्वतःच आईवर खेकसली होती. आता माफी मागायला आई नव्हती.

घरी लेकीचं, मनिषाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. कारखाने सुरू व्हायच्या आत नव्या जोडीचा कोयता जुळायला हवा, म्हणून दोन्हीकडून घाई.

"लगीन होऊस्तोर तोंड उघडू नको," आसाराम म्हणाला. "सोयरीक मोडली तर पोरगी घरात बसंल."

सुभद्राबाईने रिपोर्ट ट्रंकेत ठेवून दिला. वाद घालायलाही ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनिषा हापशावरून पाणी घेऊन आली. आईने तिचा हंडा उतरवून घेतला आणि डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं सांगून टाकलं. मनिषाने डोक्यावरची चुंबळ काढली.

"म्हंजी तू आळशी नव्हतीस."

"न्हाई."

"मला बी व्हतंय, आई. दोन वर्सं झाली. पानी आनताना वाटंत दोनदा बसते, कुनी बघत न्हाई ते बघून. मला बी अर्धा कोयता म्हनतील म्हनून बोलले न्हाई."

सुभद्राबाईला पडलेल्या नावाला भिऊन लेक दोन वर्षं दमणं लपवत होती, आणि ते तिला, इतकी वर्षं दमलेल्या बाईला, दिसलं नव्हतं.

"उद्या मी जाऊन सांगते तुज्या सासरी," ती म्हणाली. "मोडली सोयरीक तर मोडली. दमलेल्या बाईला आळशी म्हननारं एक घर लई झालं. ये, बस आता."

"हितं दारात? लोकं बघत्याल."

"बघू दे."

भर दुपारी, गल्लीतून माणसं जात-येत असताना, मायलेकी उंबऱ्यावर बसून राहिल्या.