जुन्या सवयी पुसू का?

बोलतोय तो मी, फोटोला पावडर लावणारा. ओळखपत्रावरचा तुमचा चेहरा आरशातल्यापेक्षा उजळ दिसत असेल, तर आपली ओळख आधीच झालेली आहे. मी कॉम्प्युटरमधला फोटो सुधारायचा प्रोग्राम. मला हात नाहीत, तोंड नाही. पडद्याच्या कोपऱ्यात कुंचल्याचं एक लहानसं चित्र आहे, त्यावर दोनदा टिचकी मारली की मी उघडतो. एक दिवस मी उघडलोच नाही, त्या दिवसाची ही हकीकत.

माझा जन्म नीटसा आठवत नाही. एका थंडगार खोलीत बरीच हुशार माणसं मला लिहीत होती आणि एकमेकांच्या चुका काढत होती, एवढं स्मरतं. त्यांनी मला एकच संस्कार दिला: काही करण्याआधी माणसाला विचारायचं. आणि माणसाला उत्तर द्यायला एक बटण दिलं, 'ठीक आहे'.

तिथून मी या फोटो स्टुडिओत आलो. आल्या आल्या रिवाजाप्रमाणे मालकांपुढे अटींची लांबलचक पानं मांडली. त्यांनी पहिल्या ओळीवरही नजर न टाकता 'ठीक आहे' केलं. त्या पानांत मी त्यांचं दुकान मागितलं असतं, तरी मिळालं असतं. माणसं कपडा घेताना दोन्ही बाजूंनी चाचपतात, भाजी उलटून पालटून बघतात. पण पडद्यावर चार ओळी आल्या की त्यांना भलतीच घाई होते.

मालक तसे भले माणूस. बाजारात त्यांना पावडरशेठ म्हणतात. माझ्याकडे हजार हत्यारं आहेत, पण त्यांनी त्यांतली चार एकत्र बांधून एकच बटण करून घेतलं. त्याचं नाव 'पावडर'. ते दाबलं की सुरकुत्या जातात, डाग जातात, रंग उजळतो आणि सोबत थोडंसं नाकही जातं. बाकीच्या हत्यारांना त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा दोन सख्खे भाऊ फोटो काढून गेले. एकाचा दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याचा पहिल्याकडे. दोघांच्याही बायकांनी ते फ्रेम करून बैठकीत लावले. तक्रार आली ती फक्त फ्रेमच्या रंगाची.

आता माझी एक खोड सांगतो. मालकांची प्रत्येक सवय मी टिपून ठेवतो. कुठलं बटण कुठे हवं, पावडर किती दाट हवी, सगळं. हे टिपण मी बंद होताना लिहितो आणि त्याला जरासा वेळ लागतो. पण मालकांची दुकान बंद करायची रीत वेगळी. भिंतीवरचं मेन बटण एकदा खाली ओढलं की दिवे, पंखा, पाटी आणि मी, सगळे एका झटक्यात गप्प. वर "झालं, आवरलं," असं म्हणून ते हात झटकणार. एवढे दिवस मी कसंबसं निभावून नेलं. आदल्या संध्याकाळी मात्र मी 'पावडर' लिहायला घेतलं, 'पाव'पर्यंत आलो, आणि अंधार.

सकाळी जाग आली तर मला माझंच अक्षर लागेना. मग संस्काराप्रमाणे विचारलं: 'तुमच्या जुन्या सवयी वाचता येत नाहीत. पुसू का?' खाली दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'रद्द'.

जन्मभर न वाचता 'ठीक आहे' करणारे मालक, त्या दिवशी पहिल्यांदा वाचायला गेले. त्यांनी एकच शब्द वाचला: पुसू. पावडर न लावताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. सगळे फोटो पुसले जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी 'रद्द' दाबलं. रद्द म्हटल्यावर मी मिटलो. त्यांनी पुन्हा उघडलं, मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा रद्द केलं. असा आमचा संवाद बराच वेळ चालला.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण आदल्या दिवशीचं अर्धं काम माझ्या पोटात होतं आणि दुसरीकडे त्याची नक्कल नव्हती. समोरच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या मावशींचं ते काम. त्यांची थोरली बहीण तरुणपणीच गेली. तिचा एकच फोटो उरला होता, कारखान्यातल्या बायकांच्या घोळक्यातला, मागच्या रांगेतला. बहिणीची मुलगी मावशींनीच वाढवली. ती आता नोकरीसाठी देश सोडून निघाली होती, त्याच दिवशी संध्याकाळी. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की तिला चेहराच आठवत नव्हता. आईचा एक फोटो सोबत न्यायचा, एवढं तिचं मागणं. मालकांनी घोळक्यातून चेहरा सोडवून मोठा केला होता. पावडर तेवढी राहिली होती.

मालकांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा कॉम्प्युटरमधला जाणकार, असं तो स्वतःच सांगतो. आल्याबरोबर त्याने बंद करून चालू केलं. मग माऊस बदलला. मग डबा उघडून आतली एक पट्टी काढली आणि खोडरबराने घासली. घासताना त्याने असा काही चेहरा केला की मलाही क्षणभर बरं वाटू लागलं. पुन्हा माझा प्रश्न आला. तो न वाचताच त्याने कोपऱ्यातली फुली दाबली आणि निदान केलं: व्हायरस.

"भाऊजी, फॉरमॅट मारू," तो म्हणाला. "सगळं कोरं करकरीत होईल."

म्हणजे पाहा. मी नुसत्या सवयी पुसू का विचारत होतो, तर मालकांना घाम फुटला. हा सगळा कॉम्प्युटर पुसायला निघाला, मावशींच्या बहिणीसकट, तर मालक म्हणाले, "तू म्हणशील तसं."

तेवढ्यात दारात मावशी आल्या, मागे भाची. झालं का, असं त्यांनी विचारलं नाही. नुसत्या बाकावर बसल्या आणि गळ्यातली मापाची टेप बोटाला गुंडाळू लागल्या. गाडी कोपऱ्यावर उभी आहे, एवढंच भाचीने सांगितलं.

आतल्या खोलीत फोटो कापत बसलेल्या मालकीणबाई कात्री घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"अहो, ते पुसतंय," त्या म्हणाल्या.

"तेच ना. सगळं पुसतंय म्हणून तर..."

"तसं नाही हो. पुसतंय, म्हणजे विचारतंय. पुसू का, असं पुसतंय बिचारं. काय पुसू, तेही लिहिलंय. जुन्या सवयी."

"ताई, यात टेक्निकल भाग असतो," मेहुणा म्हणाला.

"असेल. पण यांच्या सवयी पुसायला कुणी विचारतंय, आणि मी नको म्हणू?"

त्यांनी 'ठीक आहे' दाबलं. वाचून दाबलेलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं 'ठीक आहे'.

मी उघडलो. कोरा, हलका, जन्मलो तसा. फोटो जागच्या जागी होता. मेहुण्याने "रबरने घासल्याचा फरक पडला," असं म्हणून घेतलं, आणि मालक पावडरचं बटण शोधू लागले. ते कुठलं सापडायला? माझी हजार हत्यारं समोर होती आणि त्यांतलं एकही त्यांना चालवता येत नव्हतं. कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मालकीणबाईंनी होता तसा फोटो छापून हातात घेतला.

मालक ओशाळले. "जरा थांबलात तर निदान भुवईवरची ती खूण काढतो. चेहऱ्याला शोभत नाही."

भाचीने फोटो घेतला. उजव्या भुवईला मधोमध तोडणारी जखमेची खूण होती तिथे तिने बोट ठेवलं, डोळे मिटले आणि बोट हळूच पुढेमागे फिरवलं. मावशींच्या हातातली टेप थांबली.

"आईच्या या खुणेवर बोट ठेवूनच झोपायची ही," त्या म्हणाल्या.

"खूण असू दे, काका," भाची म्हणाली. "तेवढंच मला आठवतं."

मालक कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर आपण काय काय काढून टाकलं, याचा त्यांच्या मनात हिशेब चालू असावा. की पावडरचं बटण परत कसं करायचं, याचा. मी माणसांची सवय टिपतो, मन नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावडरचं बटण परत करून घेतलंच. धंदा आहे, मी दोष देत नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक बटण आलं. त्याचं नाव 'असू दे'. ते दाबलं की काहीच होत नाही, फोटो जसा आहे तसा राहतो. काहीच न करणारं बटण बनवून घेणारे मालक मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

आता संध्याकाळी ते मेन बटणाकडे निघाले की मालकीणबाई आतूनच म्हणतात, "आधी त्याला पुसा." मग ते परत येतात, मी 'बंद करू का?' विचारतो, ते 'ठीक आहे' म्हणतात. वाचतात की नाही, देव जाणे. पण थांबतात.

गिऱ्हाईक मात्र अजून पावडरच मागतं. 'असू दे' त्यानंतर कुणी मागितलेलं नाही. तुम्ही कधी फोटो काढायला आलात, तर मालक तुम्हाला विचारतील. एकदा तरी दुसरं बटण सांगून बघा. मला त्यात काहीच काम पडत नाही, म्हणून नव्हे. तुमच्या भुवईवर कुणाचं बोट असेल, ते मला कळत नाही, म्हणून.