तालमीतलं गाणं

कार्तिकातलं ऊन वसईच्या वाड्यांवर उतरतं, तेव्हा ते केळीच्या पानांवर सोनेरी असतं, पानवेलींच्या मांडवाखाली हिरवं होतं, आणि विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचता पोचता थकून तांबूस होतं. त्या तांबूस, तेजाळ, तरंगत्या उन्हात रहाट फिरायचा. बैल संथ, पाणी संथ. गाडग्यांची माळ भरून वर यायची आणि रिती होऊन खाली जायची.

माळेतलं एक गाडगं फुटलेलं होतं. पाणी पडायचं, पडायचं, पडायचं, आणि एका जागी पडायचंच नाही. त्या रिकाम्या क्षणाला विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या लहानग्या इनास रुमावचा गुडघा आपोआप हलायचा. संगीत तिथेच त्याच्या अंगात शिरलं.

पुढे मुंबईत, बोटीवरच्या खलाशांनी आणलेल्या अमेरिकन तबकड्यांत त्याला तेच पुन्हा सापडलं. सोल म्हणजे आतड्यापासून निघून कंठात मावेनासा झालेला स्वर. फंक म्हणजे बेस गिटारची घुमदार गर्जना आणि ड्रमचा असा ठोका, की जो कानाला चुकवून थेट गुडघ्यात पडतो. इनास वेडा झाला. माझगावच्या गोदीपाशी एका गोदामाच्या भिंतींना त्याने काथ्याच्या गाद्या ठोकल्या, आणि त्या काथ्याच्या काळोख्या कुशीत दहा वर्षांत चाळीस तबकड्या काढल्या. मराठी, कोकणी, इंग्रजी. केशरी वेष्टनाच्या, जांभळ्या वेष्टनाच्या, मोरपिशी वेष्टनाच्या. इराण्यांच्या हॉटेलांतले, नाणं टाकलं की तबकडी वाजवणारे ज्यूकबॉक्स त्याच्या गाण्यांनी थरथरायचे.

पण या मधाळ हसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका. मी तरी कधी ठेवला नाही.

ध्वनिमुद्रण सुरू झालं की स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागतो. त्या दिव्याकडे पाहूनच गाणारा सावध होतो, गळा सावरतो, मन झाकून घेतो. इनासला ते झाकलेलं मन नको होतं. त्याने एके दिवशी गुपचूप दिव्याची तार कापली. "चला, नुसती तालीम करू," तो गोड आवाजात म्हणायचा, आणि काचेआडच्या खोलीत टेप फिरायला लागायची. चाळीसच्या चाळीस तबकड्या म्हणजे चोरलेल्या तालमी होत्या. माणूस लबाड होता, पण त्याचा कान लबाड नव्हता, हीच पंचाईत होती.

रिबका नवगावकर त्याची सगळ्यात मोठी गायिका. सावळी, सडसडीत, भायखळ्याच्या चाळीत राहणारी, दाटून आलेल्या आभाळाच्या गळ्याची. तिची शेबा, पाच वर्षांची पोर, तापाने चार दिवसांत गेली. त्यानंतर महिन्याभरात एका 'तालमीत' रिबका गाण्याचे शब्द विसरली. शब्दांच्या जागी ती नुसती गुणगुणत राहिली. शेबाला थोपटताना गुणगुणायची, तेच. इनासने ते तबकडीवर घातलं.

रिबकाने ते ऐकलं एका इराण्याकडे, भर दुपारी. शेजारच्या टेबलावर दोघे चहात ब्रून पाव बुडवत होते, आणि ज्यूकबॉक्समधून तिचं दुःख बोटाच्या चुटकीवर नाचत होतं. ती उठून चालती झाली. सहा वर्षं तिने इनासचं तोंड पाहिलं नाही.

गोष्ट षट्कर्णी झाली. मग माझगावच्या त्या गोदामात संशय राहायला आला. वादक येत आणि आधी टेपच्या चाकांकडे पाहत. गाणारे खोकलासुद्धा जपून खोकत. तालमीतही कुणी मन उघडेना. काथ्याच्या भिंती संशयाने जाड झाल्या, काच संशयाने धूसर झाली. सहा वर्षांत दहा तबकड्या निघाल्या. सगळ्या सुरात, सगळ्या तालात, आणि सगळ्या मेलेल्या. इनासला ते सगळ्यांच्या आधी कळलं.

शेवटी तो भायखळ्याला गेला. जिना चढला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"रिबका, माझं चुकलं. एकदा ये. तू 'चालू कर' म्हणशील तेव्हाच चालू करीन. आईची शपथ."

"तुझ्या आईला तरी माहीत आहे का तू कसा आहेस ते?" रिबका म्हणाली. आणि दार लावून घेतलं. पण चार दिवसांनी ती आली.

माघातली दुपार होती. खाडीवरून खारट, पिवळट प्रकाश येत होता. रिबकाने कापलेली तार पाहिली. पडद्यामागे पाहिलं. पेटीवजा स्पीकर ओढून त्याच्या पाठीमागे पाहिलं, आणखी एखादं यंत्र दडवलंय की काय म्हणून. ड्रमवर बसलेला पास्कू तुस्कानो खाली मान घालून हसला, तर त्याच्याकडेही तिने संशयाने पाहिलं.

"आधी तालीम," ती म्हणाली. "बंद आहे ना?"

"बंद आहे."

"खरंच?"

"खरंच, बाई."

पास्कूने ठोका धरला. संथ, सैल, जरासा मागे रेंगाळणारा. बेस त्याच्या कुशीत शिरला. रिबकाने डोळे मिटले.

आणि ते गाणं आलं.

त्यात कविता नव्हती, अलंकार नव्हता. रोज सकाळी शाळेत धाडताना आई सांगते तेवढंच होतं. बटण लाव ग शेबा, वारा सुटलाय. डबा सांडू-लवंडू नको ग शेबा. रस्ता ओलांडताना शेजारच्या ताईचा हात धर, शेबा, शेबा, हात धर. सहा वर्षांत जे नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं ते आता लाटेमागून लाट यावं तसं येत होतं. खाली ताल नाचत होता, वर आई रडत होती, आणि दोन्ही एकच होतं. पास्कूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्याचा हात थांबला नाही.

काचेआड इनासचं बोट बटणावर होतं. असं गाणं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. आयुष्यभर त्याने याचीच वाट पाहिली होती. दाब, त्याचा कान म्हणाला. दाब, कोण बघतंय? इनासने बोट उचललं. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि तो नुसता ऐकत राहिला. टेपची चाकं निश्चल होती.

गाणं संपलं. रिबकाने हळूच डोळे उघडले. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल, शांत, धुतल्यासारखा झाला होता.

"ऐकव," ती म्हणाली.

"काय?"

"नाटकं पुरे झाली, इनास. मी तुला रागावणार नाही. ऐकव."

"नाही घेतलं, रिबका. तू म्हणाली नव्हतीस."

तिला ते कळेचना. मग कळलं, आणि ती मटकन खाली बसली.

"मी कशी म्हणणार होते? कुठली आई म्हणेल, घ्या माझ्या पोरीचं नाव, लावा टेप?" तिचा आवाज फाटला. "तू चोर आहेस. तू घेणारच, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर गायले मी!"

इनासने टेप सुरू केली. तिच्यासमोर, तिला दाखवून. "परत म्हण, रिबका. पाया पडतो." तिने परत म्हटलं. शब्द तेच, सूर तेच. पण नाव आता ती जपून उच्चारत होती, आणि गाणं जागच्या जागी मरून पडलं. तिसऱ्यांदाही तेच झालं.

ती उठली. पदर खोचला. काचेआड गेली, फिरत्या चाकांकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत तो जुना, बारीक, धारदार संशय परतला.

"कुठे लपवलीस ती टेप?"

"देवाशपथ, नाही."

"ठेव लपवून," ती म्हणाली. "काढशील एक दिवस. तुला राहवणार नाही."

इनासने त्या आठवड्यात गोदाम विकायला काढलं. आयुष्यात एकदा खरं वागलो आणि सगळंच गमावून बसलो, असं तो पास्कूला म्हणाला. गिऱ्हाईक मिळेपर्यंत आधी घेतलेल्या गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. मग काळबादेवीच्या तबकडीवाल्याने त्याला सहज सांगितलं, की तुमची तबकडी निघाली की एक बाई येतात, त्याच पहिली नेतात, आणि विचारतात, यात सगळी गाणी वेष्टनावर छापलीत ना? एखादं जास्तीचं नाही ना?

गोदाम विकलं गेलं नाही. इनास वर्षाला दोन तबकड्या काढतो. साध्या, सरळ, विचारून घेतलेल्या. कुणाला फारशा आवडत नाहीत. तो थांबत नाही, कारण तो थांबला तर तिला शोधायला काही उरणार नाही.

आणि भायखळ्याच्या खोलीत, उन्हं कलताना, एक बाई जमिनीवर बसते. नवी तबकडी लावते. गाणी ती नुसती होऊ देते. एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी सुई काळ्या, कोऱ्या, चकाकत्या पट्टीवरून सरकते, तेव्हा मात्र ती श्वास रोखून वाकते, कान अगदी जवळ नेते, आणि त्या खरखरत्या, क्षणभराच्या शांततेत आपल्या लेकीला घातलेली ती हाक ऐकू येतेय का ते बघत राहते.