लिंगराजचं रान

राणीसावरगावच्या अंगाला आमची वाडी हाय. वर पाझर तलाव, पाळीखाली सगळी घरं, अन् बाजूला लिंगराजचं रान. मी जेसीबी चालवतो. मशीन दुसऱ्याची, पन दांडे माझ्या हातात. म्हणून हे मलाच सांगावं लागायलंय. न्हाईतर लय कटाळा आलाय बाबा या गोष्टीचा.

मागच्या भादव्यात पाऊस थांबंना. जास्तीचं पानी जायचा सांडवा गाळानं बुजलेला, तलावाच्या पाळीला चीर पडली. सरपंच रविकांत परभणीला शेतीचं शिकून आलेला. लबाड न्हाई, चांगलं पोरगं. मला म्हणला, "सुग्रीवमामा, लिंगराजअप्पाच्या बाजूनं पाळ फोडा. त्यांचं रान जाईल, पन वाडी वाचंल."

"इचारलं का त्याला?"

"टाइम कुठंय? हिशेब सरळ हाय. इकडं एक घर, तिकडं सगळी."

तेवढ्यात लिंगराजच आला, डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन. पाळीकडं बघितलं, रानाकडं बघितलं. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं अन् म्हणला, "फोड मामा. लेकरं हायत खाली. रानाचं मागनं बघू."

रविकांतनं त्याला मिठी मारली. "अप्पा, तुमचं रान गाव भरून दील. माझी जबान हाय."

फोडलं. काळी माती सगळी पान्यानं खरवडून नेली, खालचा मुरूम उघडा पडला. अन् दुपारून पाऊस उघडला.

तिथंच घोटाळा झाला. पाऊस पडत राहिला असता तर लिंगराज गावाचा देव झाला असता. आता हाटेलात चहा पिता पिता लोक म्हणायले, पाळ फुटणारच नव्हती, उगंच फोडली. जे संकट आलंच न्हाई, त्याचे उपकार कोन मानतंय?

लिंगराज परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला गेला. त्याची बायको महानंदा वाडीतच राहिली.

तलावात उरलेलं पानी उन्हाळ्यात आटलं. गाळ काढायचं काम लागलं, ट्रॅक्टरांची रांग लागली. महानंदाबी दुसऱ्याचा मागून आनलेला ट्रॅक्टर घेऊन आली. रविकांतनं तिला बाजूला घेतलं.

"वैनी, गाळ थोडा हाय. चांगल्या रानात टाकला तर पीक दीडपट. तुमच्या मुरमावर सगळा टाकला तरी यंदा काय उगवत न्हाई. सगळ्यांचा फायदा ज्यात हाय, ते आधी करू."

"भाऊजी, तवाबी सगळ्यांचाच फायदा हुता," ती म्हणली. "या सगळ्यांत आमी कवा यायचं?"

रांगेतला बालाजी मागून बोलला, "वैनी, पाळ फुटणार नव्हतीच."

"मग रान परत करा, बालाजीभाऊ. फुटणार नव्हती तर नेलं कशाला?"

बालाजी तंबाखू मळत बसला.

मी बकेट भरली, वर उचलली अन् तशीच धरली. म्हणलं, "पहिली ट्रॉली लिंगराजची."

"मामा, वैनीनं जेवायला बोलावलंय वाटतं," कोनीतरी टोमना मारला.

"बोलावलं तर जाईन. तुझ्या घरी तर चहाला साखर नसती."

हसले लोक. रविकांत हसला न्हाई. "मामा, तुमी समजून घ्यायला पायजे. मी माझ्यासाठी मागत न्हाई."

"ठावं हाय रे. तुझा हिशेब खोटा न्हाई, तवाबी नव्हता. पन जबानबी तूच दिली हुती, माझ्यापुढं. ती हिशेबात कुठं धरली?"

त्यानं घाम पुसला. म्हणला, "मग उद्या दुसरा ड्रायव्हर बघतो."

"बघ. आज मी हाय."

दिवसभर तिची ट्रॉली आली की आधी भरली, मग बाकीच्यांची. लोक बडबडत राहिले, पन रांग मोडून कोनी गेलं न्हाई. रविकांत ऊन उतरंस्तोवर तिथंच हुभा.  

दुसऱ्या दिवशी खरंच दुसरा ड्रायव्हर आला. मला काम नव्हतं, मी फावडं घेऊन महानंदाच्या रानात गेलो. काल लय गाळ टाकला असं वाटलं हुतं, पसरला तर एक कोपरा काळा झाला. बाकी सगळा मुरूम, उन्हात डोळ्याला खुपायचा.

"एवढ्यात काय लावावं, मामा?" तिनं इचारलं.

"वांगी लाव," म्हणलं. अन् पाठ लय धरली हुती, म्हणून तिथंच बसलो.