साहेबाची विजार

रुमाल अजून ओलाच होता. खिशात हात गेला तेव्हा बोटांना गार लागला, आणि बाहेर काढला तर घडी तशीच – सकाळी कारखान्याच्या नळाखाली भिजवून घातलेली, चौपदरी, नाक-तोंड दोन्ही झाकेल अशी. शाळेच्या लांबलचक खोलीत बाकं भिंतीशी सरकवून फरशी मोकळी केली होती आणि तिच्यावर चादरींच्या तीन रांगा होत्या. दुसऱ्या रांगेतल्या सातव्या चादरीपाशी तो उभा होता. शिपायानं चादर तोंडावरून बाजूला केली. तीच होती. त्याची बायको. डोळे सुजलेले, ओठांच्या कडेला फेस वाळलेला... आणि त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच, की हा रुमाल आता ठेवू कुठे.

"फार लांब पळाली हो बाई," शिपाई म्हणाला. "वस्तीपासून थेट लाकडाच्या वखारीपर्यंत. तिथवर दुसरं कुणीच पोचलं नाही."

"सरळ रस्त्यानं?"

"अगदी नाकासमोर."

शिपायाच्या बोलण्यात कौतुक होतं. सांत्वन करायला दुसरं काही सुचलं नसेल बिचाऱ्याला. नाकासमोर, म्हणजे वारा पाठीशी घेऊन. म्हणजे जो ढग मागून येत होता त्याच्याच वाटेनं, त्याच्याच आत, तोंड उघडं टाकून, छाती भरभरून श्वास घेत – अंगानं काटक होती, दम होता तिला, म्हणून जास्त पळाली, आणि जास्त पळाली म्हणून...

तो पळाला नव्हता. साडेदहाला विषारी वायूच्या टाकीची झडप उडाली, तेव्हा त्यानं आधी छपराकडे पाहिलं होतं. मग रुमाल भिजवला, खात्यातल्या एकोणीस माणसांना मागे घेतलं आणि वाऱ्याला आडवं चालत पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर नेलं. एकालाही खोकला नाही. वरून सगळं दिसत होतं. छपरावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, नारिंगी कापडाची, टम्म फुगून वस्तीकडे बोट दाखवत होती, आणि खाली उतरावं तर मधे तो पांढरा ढग. चार वाजेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

याला आता पाच महिने झाले. आज तो त्याच खोलीत, हातात खडू घेऊन, फळ्यापाशी उभा होता. बाकं पुन्हा जागच्या जागी आली होती. बाकांवर वस्तीतल्या चाळीसएक बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि पहिल्या बाकावर, सगळ्यांत कडेला, त्याच्या सासूबाई. लेक गेल्यापासून त्या त्याच्याकडेच राहायला आल्या होत्या. "जावईबापू शिकवणार म्हणजे मी येणारच," सकाळी भांडी घासताना म्हणाल्या होत्या, आणि तो नको म्हणू शकला नव्हता.

वर्ग कंपनीनं काढला होता. व्यवस्थापक स्वतः घरी येऊन गेला. "मास्तर, तुमच्याइतकं कोण पटवून देणार? तुमच्या तर घरातलंच माणूस..." पुढचं वाक्य त्यानं चहाबरोबर गिळलं. गोड माणूस. हाच गोड माणूस अकरा वर्षांपूर्वी म्हणाला होता, की इथे शिकवलेलं आतलं आत, बाहेर काही बोलायचं नाही, लोक उगाच घाबरतात. सही घेतली होती. ती सही आठवली की त्याला बरं वाटायचं. पाच महिने तो त्या सहीवर टेकून उभा होता. कंपनीनं तोंड शिवलं, कंपनीनं मारलं – शेजारी हेच म्हणत होते, पेपरात हेच छापून आलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पण घरात कुणाची सही होती?

तो खरं तर पाइप जोडणारा कामगार, पण दर मंगळवारी दहा वाजता नव्या-जुन्या कामगारांना तो धडा द्यायचा, म्हणून सगळे त्याला वारेमास्तर म्हणत. वारा बघा. आडवं चाला. पळू नका. तोंडावर ओलं कापड. चार वाक्यं. बोटांवर मोजली तर अंगठा उरतो. आणि एकदा तिनं विचारलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, दारात कपडे वाळत घालताना तिनं कारखान्याच्या छपराकडे बघून विचारलं, "अहो, ती नारिंगी विजार कुणाची वाळतेय हो तिथे? कधी काढतच नाहीत!"

"साहेबाची," मी म्हणालो.

इतकी हसली ती, की चिमटे हातातून सांडले. मग तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं आणखी कुणाला, आणि वस्तीभर त्या पिशवीचं नावच पडलं – साहेबाची विजार. आज साहेब फुगलाय, आज साहेब लोंबतोय. मीही हसायचो. चांगला जमलेला विनोद कोण बिघडवतं? रोज सकाळी ती दारातून त्या विजारीकडे बघायची... त्या सकाळीही बघितली असेल. फुगलेली. वखारीच्या दिशेनं ताणलेली. आणि तिकडेच पळाली.

"आधी वारा बघायचा," तो फळ्याकडे तोंड करून म्हणाला. बाण काढला. "त्याच्या पुढे पळायचं नाही. आडवं चालायचं, असं."

"म्हणजे ती साहेबाची विजार बघून?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. दोघी-तिघी हसल्या.

"हो. ती बघून."

"आणि मास्तर," तीच बाई, आता उभी राहून, "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

व्यवस्थापक आलेला नव्हता. कारकूनही हजेरी घेऊन केव्हाच निघून गेला होता. सही मागणारं कुणी नव्हतं. सासूबाई मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या, भाबडेपणानं, वर्गातल्या हुशार मुलाच्या आईनं बघावं तशा.

"नवीन आहे," तो म्हणाला. "आत्ताच शोधून काढलंय."

बाई खाली बसली. पुढची वाक्यं त्यानं नीट सांगितली, ओलं कापड कसं धरायचं तेही दाखवलं.

परतताना सासूबाई त्याच्या हाताला धरून चालत होत्या. "बरं झालं हो शोधलं," त्या म्हणाल्या. "आधी कळलं असतं तर तुम्ही तिला सांगितलंच असतंत. देवानं तुम्हाला वाचवलं ते यासाठीच."

तो कंपनीवरचा राग शोधू गेला – रोज हाताशी असायचा, तापलेला – तर सापडेना. तोंड शिवलेलं होतं तेव्हाही ते आपलंच होतं, आणि आज तर कुणी शिवलंही नव्हतं. हातावर त्यांच्या बोटांचं वजन पडत होतं. फार विश्वासानं टाकलेलं.

पुढच्या मंगळवारी दुसरा वर्ग आहे. सासूबाई येणार आहेत.

मला हे अकरा वर्षं माहीत होतं, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे.